यादीत नसलेला कीबोर्ड

मालवणजवळच्या कट्टा गावात मला उभं केलं ते टायपिंगवाल्या बाईंनी. हे सगळ्यात आधी लिहून ठेवतो. पुढे जे लिहायचं आहे त्यात माझी बाजू काही चांगली दिसत नाही, आणि मधेच कुठेतरी मी स्वतःची वकिली करायला लागेन अशी मला भीती आहे. तसं झालं तरी वाचणाऱ्याने ही पहिली ओळ लक्षात ठेवावी. बाई नसत्या तर मी हे लिहायला कट्ट्यात नसतो.

मी हिंगोलीकडचा. नववीत शाळा सोडली. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काही वर्षं काढली, मग सीसीटीव्ही बसवणाऱ्या एका ठेकेदाराबरोबर फिरत फिरत मालवणात आलो. इथल्या होमस्टेंना, हॉटेलांना कॅमेरे लावायचे होते. काम संपल्यावर बाकीची टोळी गोव्याला गेली. मला ताप होता, मी मागे राहिलो. ताप उतरला तेव्हा माझ्याजवळ एक स्क्रूड्रायव्हरचा संच होता आणि वय एकोणतीस होतं. ज्या वयात माणसं स्थिर होतात त्या वयात मी कट्ट्याच्या एसटी स्टँडसमोर उभा राहून दुकानांच्या पाट्या वाचत होतो.

त्यातलं एक दुकान कॉम्प्युटर दुरुस्तीचं. त्याच्या दारात, पायरीच्या आत, एक टेबल होतं आणि त्यावर बाई बसायच्या. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, संमतिपत्रं, जत्रेच्या नोटिसा, ग्रामसभेच्या तक्रारी. कट्ट्याच्या पंचक्रोशीत मराठीत छापलेला कागद लागला की माणूस त्या टेबलाशी यायचा. मीही तसाच गेलो होतो, आधारकार्डावरचा पत्ता बदलायचा अर्ज भरायला. अर्ज भरता भरता त्यांनी विचारलं, खंयपर्यंत शिकलंस. त्या अर्जात तसा रकाना नव्हता, नुसतं बोलण्यातलं विचारणं होतं. मला खोटं सुचलं नाही. नववी, म्हणालो.

चार दिवसांनी त्याच दुकानात कामाला माणूस पाहिजे असं कळलं म्हणून गेलो. मालकांनी शिक्षण विचारलं. मी म्हणालो, दहावी. दाखला? गावाकडे आहे. मालक माझ्या चपलांकडे बघत होते. बाई दाराशी टाइप करत होत्या, हात न थांबवता आणि मान न वळवता त्या म्हणाल्या, "माझ्या ओळखीचो आसा तो. ठेव त्याका."

चार दिवसांची ओळख. त्यांना माझी नववी ठाऊक होती, माझी दहावी त्यांनी आत्ताच ऐकली होती.

खोलीही त्यांनीच बघून दिली, त्यांच्या शेजारच्या घराच्या पडवीला लागून. मालवणी समजेना तेव्हा त्याच सांगायच्या, आणि मी 'कशाला'च्या जागी आमच्याकडचं 'काहून' म्हणालो की दिवसभर मला 'काहून' अशीच हाक मारायच्या. नवरा वारल्यापासून एकट्या होत्या. भाऊ विजयदुर्गला. भाऊ बोलावत होता, या जात नव्हत्या. "थंय जावन काय करू? सोलां सुकवू?" असं म्हणायच्या. टेबल होतं तोवर त्यांना कोणाच्या घरी जायची गरज नव्हती. हे नीट ध्यानात ठेवा, कारण तेच टेबल पुढे गेलं.

आता त्यांच्या टायपिंगबद्दल. त्यांनी तरुणपणी टाइपरायटरवर मराठी तीसची आणि चाळीसची, म्हणजे मिनिटाला तेवढ्या शब्दांची, सरकारी परीक्षा दिली होती. पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा त्यावरही टाइपरायटरचाच कीबोर्ड होता, म्हणजे बटणं तीच, अक्षरं त्याच जागी. त्यामुळे बोटांना काही नवीन शिकावं लागलं नाही. त्या कीबोर्डकडे बघत नसत. पडद्याकडेही फारसं नाही. बघायच्या समोरच्या माणसाकडे. माणूस आपली रडकथा सांगतोय, भाऊबंदकी, बांध, विहिरीचा वाटा, आणि बाई मान हलवत ऐकतायत, मधेच "मगे?" म्हणतायत, आणि खाली बोटं चाललेली. माणसाचं बोलणं संपायचं तेव्हा अर्जही संपलेला असायचा. लोक अर्ध्या वाटेवर रडायचं थांबायचे ते कागद बाहेर येताना बघून.

मी कामाला लागून दीडेक वर्ष झालं असेल तेव्हा दुकानात जुन्या मशिनांचा ढीग साचायला लागला. नवी विंडोज चढत नाही आणि जुनीचे अपडेट बंद झाले, अशी ती सगळी मशिनं. शाळेची, पतपेढीची, होमस्टेवाल्यांची. फेकवत नाहीत, चालवता येत नाहीत. मालकांनी कुठूनतरी ऐकलं की विंडोज काढून त्याजागी लिनक्स टाकलं की असली मशिनं पळतात. फुकट असतं, व्हायरस लागत नाही. मला म्हणाले, शीक. मी शिकलो. व्हिडिओ बघून, थांबवून, परत बघून. इंग्रजी नीट कळत नव्हतं तरी बटणं कुठे दाबतात ते दिसत होतं.

लिनक्स बसवणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते नंतरचं. माणूस मशीन घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी फोन. गाणी कशात लावू? फोटो कशात बघू? पत्र कशात लिहू? एकेका कामाला चार-चार प्रोग्राम, कुठला चांगला ते नवख्याला काय कळणार. मालक वैतागले. एक पान तयार कर म्हणाले, आधी तुम्ही हे वापरायचात, आता हे वापरा, आणि ते पान प्रत्येक मशीनला चिकटवून दे. त्यांचा नियम एकच होता. "एक काम, एक प्रोग्राम. दोन दिलंस तर दोनदा विचारूक येतले."

ते पान म्हणजे माझ्या आयुष्यात मी ठरवलेली पहिली गोष्ट. खरं सांगतो. आतापर्यंत दुसऱ्याने ठरवलेलं मी केलं होतं. आता कट्ट्यातला, शेजारच्या चौके, पेंडूर गावांतला माणूस पत्र कशात लिहिणार हे नववी नापास म्हणावं असा मी ठरवणार होतो. नापास नव्हतो, परीक्षेलाच बसलो नव्हतो. पण ते कोणाला सांगायचं.

मी ते काम मन लावून केलं. जत्रेतल्या दशावताराची रेकॉर्डिंग असलेला एक पेनड्राइव्ह होता, निरनिराळ्या मोबाइलवर घेतलेली, कुठली आडवी, कुठली उभी. तो सगळ्या प्लेअरांत लावून बघितला. व्हीएलसीमध्ये सगळी लागली, म्हणून व्हीएलसी. इंटरनेटला फायरफॉक्स, कारण ते नाव लोकांनी आधी ऐकलेलं. पत्राला आणि हिशेबाला लिबरऑफिस. फोटोसाठी आधी गिम्प दिलं होतं, पण एका होमस्टेवाल्या वहिनी फळ्यावर लावायचा सुरमई थाळीचा फोटो कापायला बसल्या आणि दुपारी डोकं धरून परत आल्या. म्हणाल्या, मला नुसती कड कापायची रे, ह्यात विमान चालवायची बटणं कित्याक. मग गिम्प काढलं, साधं काहीतरी दिलं, त्या खूश. बोटीवरून निवृत्त झालेल्या एका काकांना फक्त मुलाचं तोंड व्हिडिओवर बघायचं होतं. त्यांच्या पडद्यावर मी एकच चिन्ह ठेवलं. ते आजही मला रस्त्यात दिसले की हात वर करतात.

म्हणजे बघा, मी माणूस बघून ठरवत होतो. मला ते येत होतं. ज्यांचं मला काही देणंघेणं नव्हतं त्यांच्यासाठी मी ते केलं.

मराठी टायपिंगचा प्रश्न आला तेव्हा मात्र मी फार डोकं चालवलं नाही. मला स्वतःला एकाच तऱ्हेने मराठी लिहिता यायचं. मोबाइलवर लिहितात तसं, इंग्रजी अक्षरं दाबायची आणि मराठी उमटतं. एम आणि आय दाबा, मी. सगळे तसंच करतात, मला वाटलं. म्हणून यादीत तेवढंच लिहिलं. आणि मालकांच्या नियमाप्रमाणे बाकीचं नको म्हणून दुसरं काही जोडलंच नाही. सेटिंगमध्ये मराठीच्या खाली आणखी कुठल्या कीबोर्डांची नावं होती ती मी उघडूनसुद्धा वाचली नाहीत.

मग बाईंचं मशीन गेलं. मदरबोर्डच जळला. मालकांना ते बरंच वाटलं असावं. म्हणाले, ह्या टेबलावर लिनक्स ठेवू, येणारा-जाणारा बघेल. "बाईंचा जमला तर सगळ्यांचा जमतला."

मी बाईंना आधीच सांगितलं होतं की जुन्या फाइली इथे नीट दिसणार नाहीत, तो जुना फाँट ह्यात नाही, मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. त्या म्हणाल्या, नमुने माझ्या डोक्यात आहेत, फाइली गेल्या तर गेल्या. मग माझ्याकडे बघून हसल्या. "तू सांगतंस मगे बराच असतला."

त्या बसल्या. हाताखाली नवा कीबोर्ड. समोर मी, मालक, आणि बस चुकलेले दोघंतिघं. बाईंनी सवयीने समोर बघत एक ओळ मारली. पडद्यावर अर्थ नसलेलं काहीतरी उमटलं. बस चुकलेल्यांतला एक हसला. बाईंनी परत मारली, परत तेच. मग त्यांनी मला विचारलं, "ह्याच्यात माझो टाइपरायटरचो कीबोर्ड खंय आसा?"

आता इथे मी काय करायला पाहिजे होतं ते लहान मुलालाही कळेल. म्हणायला पाहिजे होतं, मला माहीत नाही, बघतो. एवढंच. पण मालक शेजारी उभे होते. यादी माझी होती. मला माहीत नाही, हे शब्द मी शाळेत इतक्या वेळा म्हटले होते, फळ्यापुढे उभा राहून, की ते परत म्हणायची वेळ आली की मी तोंडाला येईल ते दुसरं काहीतरी बोलून टाकायचो. तेव्हाही तसंच झालं. माहीत नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, दाखला कुठे आहे.

मी म्हणालो, "लिनक्समध्ये तो नसतो, बाई."

बाईंनी मान हलवली. "नाय तर नाय," म्हणाल्या.

त्यानंतर मी त्यांना शिकवायला लागलो. मी, बाईंना, टायपिंग शिकवत होतो. खुर्ची ओढून शेजारी बसायचो. के दाबा, मग ए, बघा, क आला. त्या वाकून एकेक बटण शोधायच्या. दोन बोटांनी. मी म्हणायचो, आठवड्यात जमेल, सगळ्यांना जमतं. माझा आवाज हळूहळू त्या मास्तरांसारखा झाला होता, ज्यांच्यामुळे मी शाळा सोडली. बाईंनी कधी तक्रार केली नाही. एकदाच म्हणाल्या, "पयली बोटां डोळ्यांका विचारीत नसत. आता एकसारखी विचारतत." मी हसलो. मला तो विनोद वाटला.

जमलं नाही असं नाही. महिन्याभरात त्या टाइप करायला लागल्या, पण कशा? खाली मान घालून. समोरचा माणूस बोलतोय आणि त्या म्हणतायत, जरा थांब हां. माणूस थांबायचा, आपली गोष्ट विसरायचा, घड्याळ बघायचा. आधी जो माणूस त्यांच्यापुढे रडायचा तो आता नुसता मुद्दे सांगायला लागला. काही जण तर मोबाइलवर बोलून लिहून आणायला लागले आणि म्हणायचे, हे फक्त छापून द्या.

अशात चतुर्थी आली.

बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. इथे चतुर्थीला मुंबईचे चाकरमानी येतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते नुसते गणपतीला येत नाहीत. जमिनीचे सगळे हिस्सेदार एका छपराखाली सापडतात ते वर्षातून त्याच चार-पाच दिवसांत. त्यामुळे ज्या कागदावर सगळ्या भावांच्या सह्या लागतात तो कागद चतुर्थीतच होतो. आरती, उकडीचे मोदक आणि संमतिपत्र. बाईंचा हंगाम तोच. गेल्या चतुर्थीला मी स्वतः बघितलं होतं, टेबलाभोवती माणसं उभी, आणि बाई एकाचं ऐकत दुसऱ्याचं टाइप करत होत्या.

ह्या वर्षी पाच भावंडांचं एक कुटुंब आलं. दोन भाऊ गावात, एक बहीण कुडाळला दिलेली, दोघे मुंबईचे. थोरल्या भावाची तब्येत खालावलेली. घराखालची जागा त्याच्या नावावर करून द्यायला बाकी चौघं तयार झाली होती. म्हणजे इतकी वर्षं तयार होत नव्हती, आणि गौरी-गणपतीच्या जेवणाला बसून एकदाची झाली होती. कोणाचं मन फिरायच्या आत सह्या हव्या होत्या. धाकट्याची मुंबईची बस दुपारची होती.

पाचही जण टेबलाशी उभे. बाईंनी कागद लावला आणि खाली मान घातली. सुरुवातीला ते आपसात बोलत होते. मग बोलणं थांबलं. पाच माणसं उभी राहून एका बाईची दोन बोटं बघत होती. त्यांच्यातल्या मधल्याने शेवटी म्हटलंच, "बाई, तुमच्या बोटांक काय झाला? गेल्या चतुर्थीक तर मशीनगन चालता तशी चालत होती."

बाईंनी पुढचं बटण शोधलं. त्यांच्या वरच्या ओठावर घाम होता. मी आतून उठून आलो, म्हणालो, तुम्ही सांगा, मी टाइप करतो. त्या उठल्या. मी बसलो. माझी बोटं त्यांच्यापेक्षा थोडी जलद, पण बाई जे सांगत होत्या ते शब्द मी कधी लिहिले नव्हते. सहहिस्सेदार, वहिवाट, स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय. प्रत्येक शब्दाला मी अडत होतो, पडद्यावर चुकीचं उमटत होतं, पुसत होतो. बहीण म्हणाली, हाताने लिहूया का. त्यावर मधला म्हणाला, "हातान लिवलेला कोण बघता?" आणि ते खरंच होतं, सगळ्यांच्या मनात कागद म्हणजे छापलेला.

बसचा हॉर्न वाजला. कट्ट्याचा स्टँड समोरच आहे, ऐकू येतंच. धाकटा म्हणाला, "दादा, मी जातंय. बस सुटात." त्याने थोरल्याच्या पायाला हात लावला आणि गेला. तो थांबला असता तर त्याची सुट्टी गेली असती, मी त्याला दोष देत नाही.

अर्धा कागद पडद्यावर होता. थोरला पायरीवर बसला होता. तो रागावला नाही. आपल्या बहिणीला म्हणाला, "आता पुढच्या चतुर्थीक. तोपर्यंत कोण रवता, कोण जाता."

ते गेले. बाईंनी मशीन बंद केलं आणि कीबोर्डवर रुमाल टाकला.

त्या दिवसापासून टेबलाशी माणूस येईना. कट्टा छोटा आहे, एसटीत बसलेली गोष्ट मालवणाला उतरते तेव्हा तिला तीन पोरं झालेली असतात. बाईंची बोटं गेली, बाईंना आकडी आली, बाईंना दिसत नाही. दुकानात चहा पिता पिता मालक म्हणाले, "बाईंचा आता वय झाला." चहाला आलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मी कप धुवत होतो. मीसुद्धा मान डोलावली.

मला तेव्हा शंका होती का? हो, होती. मनाच्या एका कोपऱ्यात मला ठाऊक होतं की बाईंची बोटं ठीक आहेत आणि माझं पान चुकलेलं आहे. पण वय झालं हे कारण सगळ्यांना इतकं सोयीचं होतं. मालकांना दारातली जागा मोकळी हवी होती, लोकांना कारण हवं होतं, आणि मला माझी दहावी सांभाळायची होती. एका बाईच्या वयामागे आम्ही सगळे लपलो.

बाईंनी स्वतःच टेबल सोडलं. कोणी काढलं नाही, असं मालक आजही सांगतात. दिवाळीच्या आधी विजयदुर्गहून भाऊ आला, ट्रंक घेऊन गेला. जाताना बाईंनी पडवीच्या मालकिणीला माझ्याबद्दल सांगितलं, पोराक सांभाळा. मला म्हणाल्या, जेवत जा. टेबलाच्या जागी मालकांनी मोठं झेरॉक्स मशीन आणलं.

पुढे पाच-सहा महिने गेले असतील. पिंगुळीकडचे एक निवृत्त कारकून लिनक्स टाकलेलं मशीन घेऊन आले. नम्रपणे म्हणाले, मला इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणं होत नाही, मी टाइपरायटरवाला माणूस, त्याचा कीबोर्ड ह्यात जोडून द्या. मी सवयीने म्हणणार होतो, नसतो. पण मालक बाहेर गेले होते आणि दुकानात आम्ही दोघंच होतो. ऐकणारं कोणी नाही म्हणून मी पहिल्यांदा खरं बोललो. माहीत नाही, बघतो, म्हणालो.

सेटिंग उघडली. भाषा. मराठी. खाली यादी आली. चार-पाच नावं होती, आणि त्यांत टाइपरायटरवाला होता. माझ्या पहिल्या दिवसापासून होता. निवडायचा आणि जोडायचा, मिनिटसुद्धा लागलं नाही. कारकुनांनी खुर्चीत बसून समोर भिंतीकडे बघत एक ओळ मारली. मराठी उमटलं. ते म्हणाले, वा. आणि मला आशीर्वाद देऊन गेले. मी त्यांच्या पाठीकडे बघत होतो.

रविवारी दुकानातला एक जुना लॅपटॉप घेतला, तो कीबोर्ड जोडला आणि विजयदुर्गला गेलो. दोन बस बदलून. बाई भावाच्या घराच्या मागच्या अंगणात सुकत घातलेली कोकमाची सोलं परतत होत्या. हात कोपरापर्यंत लाल. मला बघून उठल्या, आधी जेवायला वाढलं. मी जेवलो नाही असं कसं होईल, मी जेवलो. मग लॅपटॉप उघडून पुढे ठेवला.

त्यांनी हात धुतले, पुसले आणि बोटं ठेवली. समोर समुद्राकडे बघत होत्या. बोटं निघाली. मा. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी, अर्जदार खाली सही करणार, कारणे विनंती अर्ज सादर करितो की. एकही चूक नाही. त्या थांबल्या, पडद्याकडे बघितलं.

"बोटांक याद आसा रे," त्या म्हणाल्या. "पण गिऱ्हाईक खंय?"

मी सांगायला लागलो, हा आधीपासून होता, मी बघितला नाही, मला माहीत नव्हतं आणि मी तुम्हाला नाही म्हणून सांगितलं. सगळं एका दमात. त्यांनी ऐकून घेतलं, टेबलावर ऐकायच्या तसंच, माझ्याकडे बघत. मला वाटलं आता "मगे?" म्हणतील. म्हणाल्या नाहीत.

"तू नववी शिकलंस ता माका पयल्या दिवसापासून म्हायत होता," त्या म्हणाल्या. "माका म्हायत नाय, इतक्या सांगुक तुका काय झाला होता?" आणि मग लॅपटॉप मिटत, "माका काय येता ता तू एकदाय विचारूक नाय. शिकवक बसलंस."

एवढंच. परत सोलं परतायला गेल्या. निघताना पिशवीभर सोलं दिली. मी ती घेतली. ती अजून माझ्या खोलीत बरणीत आहेत, मला त्यांचं सार करून प्यायचा धीर होत नाही. लॅपटॉप तिथेच ठेवायला निघालो तर नको म्हणाल्या, भावाच्या घरात जागा नाही.

मी मालकांना सांगितलं. कीबोर्डचंही आणि दहावीचंही. मालक म्हणाले, आता काय त्याचं, आणि झेरॉक्सच्या ट्रेमध्ये कागद भरायला सांगितले. मला काढलं नाही. ज्या भीतीपायी मी बाईंचं टेबल घालवलं ती भीती इतकी पोकळ निघाली. त्याचा मला आनंद झाला पाहिजे होता, झाला नाही. काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

पान मी नव्याने लिहिलं. आता ते एक पान नाही, आणि ते मी आधी लिहून ठेवत नाही. माणूस मशीन घेऊन आला की त्याला खुर्चीत बसवतो आणि म्हणतो, तुम्ही रोज करता ते करून दाखवा. मग ठरवतो. मालकांना ते वेळखाऊ वाटतं. थोरल्या भावाची बहीण परवा स्टँडवर दिसली. थोरला कसा आहे ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. चतुर्थी अजून लांब आहे.

बाई, तुम्ही हे वाचाल की नाही मला माहीत नाही. झेरॉक्स मशीन दारातून हलवायला मालक तयार नाहीत, म्हणून स्टँडच्या दुसऱ्या बाजूला एक गाळा बघून ठेवलाय. आज माझी ऐपत नाही. पण एका चतुर्थीच्या आधी मी तिथे टेबल मांडीन, त्यावर तुमचा कीबोर्ड असेल, आणि विजयदुर्गला ट्रंक उचलायला मी येईन. तुम्ही नको म्हणालात तरी टेबल मांडलेलं राहील. आणि त्या पाच जणांचा कागद पहिला.